एका गावाची केस स्टडी : प्रश्नापासून अहवालापर्यंत

महाराष्ट्रात गावांच्या यशोगाथा पुष्कळ लिहिल्या गेल्या आहेत. त्या वाचून उमेद वाटते, पण आपल्या गावात नेमके काय करावे हा प्रश्न तसाच राहतो. यशोगाथेत निष्कर्ष आधी ठरलेला असतो आणि त्याला साजेशी माणसे आणि प्रसंग मागाहून गोळा होतात. केस स्टडीत प्रश्न आधी येतो, पुरावा नंतर, आणि आपले म्हणणे खोटे पाडू शकेल असा पुरावा मुद्दाम शोधावा लागतो. हा एक नियम मनापासून पाळला, तर एका गावाच्या अभ्यासातून इतर गावांच्या कामी येईल असे काही हाती लागते.

ही कृती समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि समाजकार्य शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, तसेच गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आहे. उदाहरण एकच धरले आहे : दुष्काळी पट्ट्यातले, पाणीवापराचे नियम स्वतः ठरवणारे गाव. तुमचा विषय शाळा, बचत गट, कामगार संघटना किंवा शहरातली वस्ती असेल, तरी पायऱ्या याच राहतील.

काय लागेल

- एका वाक्यात मांडता येईल असा प्रश्न
- गावात निदान दोन वेगवेगळ्या ऋतूंत राहण्याइतका वेळ. पाण्याचा अभ्यास असेल तर एक फेरी पावसाळा संपल्यावर आणि एक मे महिन्यात. जमल्यास पूर्ण कृषिवर्ष.
- मार्गदर्शकाचे किंवा संस्थेचे पत्र आणि ग्रामपंचायतीची परवानगी
- दोन वह्या : एक गावात नेण्याची, दुसरी रात्री सविस्तर लिहिण्याची
- गावचा नकाशा, ध्वनिमुद्रणाची सोय असलेला फोन, आणि सगळ्या नोंदींची दुसरी प्रत ठेवायला जागा

पायरी १ : केस स्टडी लागणार आहे का, ते तपासा

प्रश्न ‘किती’ किंवा ‘कुठे कुठे’ असा असेल, तर केस स्टडी करू नका. जिल्ह्यातल्या किती गावांत ठिबक सिंचन आहे, हे एका गावात वर्षभर राहून कळणार नाही. त्यासाठी सर्वेक्षण हवे. ‘कसे’ आणि ‘का’ विचारायचे असेल, घटना तिच्या परिसरापासून तोडून पाहता येत नसेल आणि कारणे एकमेकांत गुंतलेली असतील, तिथे ही पद्धत कामाला येते. रॉबर्ट यिन यांच्या १९८४ च्या पुस्तकाने ही पद्धत शिस्तीने मांडली. तिचा गाभा हाच आहे की जिवंत घटना तिच्या खऱ्या परिस्थितीत आणि अनेक प्रकारच्या पुराव्यांच्या आधारे तपासायची.

आपल्या उदाहरणातला प्रश्न असा धरू : पाणीवापराचा नियम गावाने स्वतः ठरवला, तर टंचाईच्या वर्षीही तो टिकतो कसा? ‘टंचाईच्या वर्षीही’ हे शब्द प्रश्नाला धार देतात. भरपूर पाऊस झाला की कोणताही नियम पाळला जातो. त्याची परीक्षा २०१२-१३ किंवा २०१८-१९ सारख्या दुष्काळी वर्षी होते.

पायरी २ : ही केस कशाची, ते लिहून काढा

अनेक प्रबंध इथेच अडतात. ‘अमुक गावाचा अभ्यास’ हे शीर्षक होते, पण ते विषय सांगत नाही. वहीच्या पहिल्या पानावर हे वाक्य पूर्ण करा : ‘हे गाव म्हणजे ……चे एक उदाहरण.’ सामूहिक नियमनाचे? एकखांबी नेतृत्वाचे? सरकारी योजना नीट राबवल्याचे? एकच गाव यांपैकी कशाचेही उदाहरण होऊ शकते, आणि तुम्ही काय निवडता यावर कोणाला भेटायचे आणि कोणता कागद मागायचा हे ठरते.

याच टप्प्यावर आधीचे काम वाचा. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) आणि ना. गो. चापेकर यांचा ‘बदलापूर’ (१९३३) हे ग्रंथ मराठीत आहेत. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात काम केलेल्या हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचा जमीन आणि मजुरीच्या अंगाने केलेला अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तेच पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड शहरात पार मिसळून गेले आहे. जुन्या अभ्यासाची किंमत अशा वेळी कळते. त्या शिवारात काय पिकत होते आणि कोणाकडे किती जमीन होती, हे सांगणारा तो पुरावा आहे.

पायरी ३ : केस कारण देऊन निवडा

‘माझे आजोळ तिथे आहे’ ही सोय झाली. निवडीचे कारण वेगळे लिहावे लागते. केस निवडायच्या चार वाटा आहेत.

नेहमीसारखी केस : परिसरातल्या बहुतेक गावांसारखे गाव. सर्वसाधारण व्यवहार कसा चालतो हे पाहायचे असेल तर.

टोकाची केस : फार यशस्वी किंवा पार फसलेली. अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार अशा प्रकारात येते. वर्षाचा पाऊस ४०० मिलिमीटरच्या आसपास. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढे गाव आदर्श गाव योजनेत आले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान यांच्या जोडीला शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही हा नियम आला, आणि पावसाचे माप घेऊन पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायची रीत पडली. कारणे ठळकपणे दिसावीत म्हणून टोकाची केस घेतात.

निर्णायक केस : आपले म्हणणे जिथे खरे ठरायलाच हवे किंवा जिथे खोटे ठरण्याचा संभव सर्वांत जास्त, अशी जागा. रॉबर्ट मिशेल्स यांनी संघटनांमध्ये सत्ता मूठभरांच्या हाती जाते हे दाखवताना लोकशाहीचा सर्वाधिक आग्रह धरणारे समाजवादी पक्ष निवडले. तिथेही तसे घडत असेल, तर इतरत्र घडणारच, असा तो युक्तिवाद होता.

विपरीत केस : सगळी परिस्थिती अनुकूल असूनही जिथे काम फसले, किंवा काहीच अनुकूल नसताना जमले.

बेंट फ्लिब्येर्ग यांनी २००६ च्या लेखात दाखवून दिले की एका केसवरून सामान्य विधान करताच येत नाही हा गैरसमज आहे. सगळी भिस्त निवडीवर असते. म्हणून निवडीचे कारण अर्धे पान लिहा आणि ते अहवालात जसेच्या तसे जाऊ द्या.

पायरी ४ : सीमा आखा

सीमा तीन असतात : जागेची, काळाची आणि माणसांची.

जागा : महसुली गाव धरणार, की ग्रामपंचायत, की पाणलोट क्षेत्र? तिन्हींच्या रेषा बहुधा जुळत नाहीत. पाणी शिवेवर थांबत नाही, पण ग्रामसभेचा ठराव थांबतो. ही विसंगती पुढे फार उपयोगी पडते. ती पुसून टाकू नका, नकाशावर दाखवा.

काळ : नियम केल्याच्या वर्षापासून आजपर्यंत, आणि त्याआधीची काही वर्षे. आधीचे चित्र नसेल, तर बदल नियमामुळे झाला असे म्हणता येत नाही.

माणसे : गावठाणातली घरे, मळ्यातल्या वस्त्या, पारधी किंवा धनगर वाडा, पुण्या-मुंबईत कामाला असलेले पण शेत राखून असलेले लोक, हंगामी ऊसतोडीला जाणारी कुटुंबे. यांपैकी कोण आत, कोण बाहेर, ते लिहा. कधी कधी सीमा जागेवरून आखताच येत नाही. इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्यांची पाहणी केली (१९६९). धरणाखाली गेलेल्या गावाचा अभ्यास करायचा तर माणसांच्या मागे जावे लागते, कारण जागाच उरलेली नसते.

पायरी ५ : अंदाज आणि त्यांचे प्रतिस्पर्धी आधीच मांडा

गावात पाऊल टाकण्याआधी नियम टिकण्याची जेवढी कारणे संभवतात तेवढी लिहा. प्रत्येकापुढे ‘हे खरे असेल तर काय दिसायला हवे?’ याचे उत्तर द्या.

- नेतृत्व : सरपंच बदलले त्या काळात नियम सैल पडलेला दिसायला हवा.
- सरकारी निधी : योजनेचे पैसे थांबल्यावर श्रमदान आणि देखभाल घटलेली दिसायला हवी.
- भूगर्भ : त्याच खडकावरच्या शेजारच्या गावात नियम नसतानाही पाणीपातळी तेवढीच सुधारलेली दिसायला हवी.
- पाऊस : चांगल्या पावसाच्या वर्षांशी सुधारणा तंतोतंत जुळलेली दिसायला हवी.
- बाहेरची कमाई : ज्या घरांत नोकरीचा किंवा दुधाचा पैसा येतो तीच घरे नियम सहज पाळताना दिसायला हवीत.
- परस्परांवर नजर : नियम मोडणारा कोण हे गावाला ठाऊक असायला हवे, आणि त्याला काय सोसावे लागले याच्या गोष्टी लोकांना सांगता यायला हव्यात.

यांतला तुमचा आवडता अंदाज कोणता, त्यावर खूण करा. पुढे सर्वांत जास्त छाननी त्याचीच करायची आहे.

पायरी ६ : परवानगी आणि संमती घ्या

ग्रामपंचायतीला पत्र द्या. शक्य असेल तर ग्रामसभेत उभे राहून काम समजावून सांगा : कोण आहात, काय विचारणार, लिहिलेले कुठे जाणार, गावाला त्यातून पैसा किंवा योजना मिळणार नाही. हे शेवटचे स्पष्ट सांगितले नाही, तर पाहुणा योजनेसाठी पाहणी करायला आला आहे असे समजून लोक उत्तरे देतात आणि अडचणी वाढवून सांगतात.

गावची परवानगी मिळाली म्हणजे माणसाची संमती मिळाली असे नाही. प्रत्येकाला वेगळे विचारा. ‘नको’ म्हणायची मोकळीक द्या. मधेच थांबता येईल हे सांगा. ध्वनिमुद्रण विचारूनच करा.

पायरी ७ : आधी कागद वाचा

मुलाखतीला रिकाम्या डोक्याने जाऊ नका. कागद वाचून गेलात तर प्रश्न नेमके होतात आणि लोकही मोघम बोलत नाहीत. पाण्याच्या अभ्यासासाठी हे कागद मिळवा :

- ग्रामसभेचे इतिवृत्त. ठराव, सूचक, अनुमोदक, उपस्थितांच्या सह्या आणि अंगठे. एखादा ठराव दर दोन वर्षांनी नव्याने होत असेल, तर आधीचा पाळला गेला नाही असा संशय घ्यायला जागा आहे.
- सातबारा, आठ-अ आणि फेरफार. जमीन कोणाकडे, किती तुकड्यांत, कधी हात बदलला.
- पीकपेरा. इथे एक सावधगिरी बाळगा. पूर्वी पिकांची नोंद तलाठी करत. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून नोंद करतो. नोंदणारा बदलला की आकड्याचा अर्थ बदलतो. म्हणून त्या आधीचे आणि नंतरचे आकडे एका सरळ रेषेत जोडू नका.
- भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची मापे. ही मापे वर्षातून चार वेळा घेतली जातात : जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. ऑक्टोबर आणि मे यांतला फरक म्हणजे उपशाचा माग.
- महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकाच्या नोंदी, महावितरणच्या कृषिपंपांच्या जोडण्या, सेवा सोसायटीचे कर्जवाटप, दूध संस्थेचे संकलन, टँकर लागल्याची नोंद.

कागद मिळायला वेळ लागतो. पहिल्याच आठवड्यात अर्ज करा, गरज पडली तर माहितीच्या अधिकारात मागा.

प्रत्येक कागदाला चार प्रश्न विचारा : तो कोणी लिहिला, कशासाठी लिहिला, लिहिणाऱ्याला काय लपवायचे असू शकते, आणि यात कोणाचे नाव कधीच येत नाही? सातबाऱ्यावर भूमिहीन दिसत नाही. घरच्या शेतात राबणाऱ्या अनेक बायकाही दिसत नाहीत.

पायरी ८ : गावात शिरा, पण एका दारातून नको

पुरस्कार मिळालेल्या गावात पाहुण्यांची ठरलेली फेरी असते : बंधारा, शाळा, ग्रामपंचायत, चहा. ती फेरी करा, कारण गाव स्वतःला कसे दाखवू इच्छिते हाही पुरावाच आहे. मग पुन्हा एकटे जा. सरपंचांच्या गाडीतून उतरलात, तर विरोधी पॅनेलचा माणूस तुमच्याशी मोकळे बोलणार नाही. शक्यतो एसटीने जा आणि राहण्याची जागा विचारपूर्वक निवडा. कोणाच्या ओसरीवर पथारी टाकली यावरून गाव तुमची बाजू ठरवते.

पहिले काही दिवस फक्त शिवारफेरी करा. नकाशा हातात घेऊन वरच्या अंगापासून खालच्या अंगापर्यंत चाला. विहिरी, पंप, पाइपलाइन, उभी पिके, पडीक तुकडे नोंदवा. विल्यम फूट व्हाइट यांनी १९३० च्या दशकात बोस्टनमधल्या इटालियन वस्तीत राहून ‘स्ट्रीट कॉर्नर सोसायटी’ (१९४३) हा अभ्यास केला. नाक्यावरच्या मुलांच्या म्होरक्याने त्यांना बजावले होते की सारखे प्रश्न विचारत सुटू नका, सोबत बसत राहा, उत्तरे आपोआप मिळतील. पारावर, दूध डेअरीत, चक्कीवर आणि रेशनच्या रांगेत बसायला हा सल्ला आजही लागू आहे.

पायरी ९ : मुलाखती घ्या

आधी यादी करा. विहिरीच्या वरच्या अंगाचे आणि खालच्या अंगाचे शेतकरी, मोठे आणि अल्पभूधारक, भूमिहीन मजूर, पाणी भरणाऱ्या बायका, मेंढपाळ, माजी सरपंच, ठरावाला विरोध केलेले, गाव सोडून गेलेले. चराईबंदीची झळ ज्यांना बसली त्यांना गाठल्याशिवाय चराईबंदी यशस्वी झाली असे लिहू नका. बायकांशी बोलायला दुपारची किंवा शेतातली वेळ धरा. घरातले पुरुष शेजारी बसले की उत्तर बहुधा त्यांचेच येते.

मत विचारू नका, प्रसंग विचारा. ‘तुमच्या गावात नियम पाळतात ना?’ या प्रश्नाला ‘शंभर टक्के’ एवढेच उत्तर येते. आता ही दुसरी रीत पाहा :

– काका, गेल्या वर्षी कांद्याला शेवटचं पाणी कधी दिलं?
– शेवटचं दिलंच नाही. फेब्रुवारीत विहीर तळाला गेली.
– मग कांदा कसा निघाला?
– भावकीतल्या विहिरीवरनं आठ दिवस घेतलं.
– त्याचं काय द्यावं लागलं?
– पैसे नाही घेत कोणी. त्यांच्या खळ्यावर आमचे दोघं जण राबले.
– आणि ज्याची भावकी नाही त्यानं काय केलं?

शेवटच्या प्रश्नाने अभ्यासाचे एक नवे दार उघडते. लिखित नियमाखाली देवाणघेवाणीची दुसरी व्यवस्था आहे, आणि ती सगळ्यांना सारखी खुली नाही. हे कोणत्याही इतिवृत्तात नसते.

साल आठवत नसेल तर ओळखीच्या घटनांचा आधार द्या : बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर, किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी थोरला शाळेत होता का, घरात रंगीत टीव्ही आला होता का. अशा खुणा लावत गेले की वीस-तीस वर्षांचा क्रम बराचसा बसतो.

मुलाखती किती घ्यायच्या? नव्या माणसाशी बोलूनही नवी बाजू पुढे येईनाशी झाली की थांबायचे. मात्र नवी बाजू येत नाही याचे कारण तुम्ही एकाच गटात फिरताय हे तर नाही ना, ते आधी तपासा.

पायरी १० : त्याच रात्री लिहा

पानाचे तीन भाग करा. पहिल्यात पाहिले-ऐकले ते, शक्य तितके त्यांच्याच शब्दांत. दुसऱ्यात तुम्हाला काय वाटले. तिसऱ्यात उद्या काय तपासायचे. पहिले आणि दुसरे एकत्र झाले की महिन्याभराने तथ्य कोणते आणि मत कोणते हे तुम्हालाच सांगता येत नाही. प्रत्येक नोंदीवर तारीख, जागा आणि माणसाचा संकेतक्रमांक टाका. खरी नावे आणि संकेतक्रमांक जोडणारी यादी वेगळी, कुलपात.

नोंदींची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा. एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरजवळच्या एका गावात १९४८ मध्ये क्षेत्रकार्य केले. १९७० मध्ये स्टॅनफर्डमधल्या अभ्यासकेंद्राला लागलेल्या आगीत त्या कामाची प्रक्रिया केलेली टिपणे जळून गेली, आणि ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ (१९७६) त्यांनी मुख्यतः स्मरणातून लिहिले. तेवढी स्मरणशक्ती आणि तेवढे गाव अंगात मुरलेले असणे फार थोड्यांच्या वाट्याला येते.

पायरी ११ : प्रत्येक मोठे विधान तीन वाटांनी पडताळा

समजा, मुलाखतींत सगळे सांगतात : ‘ठराव झाल्यापासून गावात ऊस नाही.’

पहिली वाट, कागद. पीकपेऱ्यात गावच्या शिवारात ऊस शून्य. विधान टिकले.

दुसरी वाट, डोळे. मे महिन्यात शिवारफेरी केली, ऊस दिसला नाही. विधान पुन्हा टिकले.

तिसरी वाट, त्रयस्थ नोंद. साखर कारखान्याच्या गट कार्यालयात ऊसनोंद पाहिली. गावातल्या काही सभासदांच्या नावे ऊस आहे. गट नंबर पाहिला तर जमीन शिवेपलीकडची, शेजारच्या गावात घेतलेली.

आता विधान असे होईल : गावाने नियम पाळला, पण ज्यांना ऐपत होती त्यांनी उपसा शेजारच्या शिवारात नेला. हे मूळ विधानापेक्षा खरे आहे आणि जास्त मोलाचेही. एका गावाचा नियम शेजाऱ्यावर भार टाकतो का, हा पाण्याच्या धोरणातला कळीचा प्रश्न त्यातून निघतो. पायरी ४ मध्ये शिवेची रेषा जपून ठेवली होती, ती इथे कामी आली.

तीन वाटा एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. सरपंच, उपसरपंच आणि ग्रामसेवक या तिघांनी एकच सांगितले, तर ती वाट एकच.

पायरी १२ : अंदाज एकेक करून गाळा

भिंतीवर लांब कागद लावा आणि कालरेषा आखा. वर पाऊस, खाली भूजलपातळी, त्याखाली ठराव, निवडणुका, योजनांचा निधी, भांडणे. मग पायरी ५ मधला एकेक अंदाज घेऊन त्याच्या खुणा दिसतात का पाहा. पाणीपातळी ठरावाच्या आधीच चढायला लागली असेल, तर ठरावाला सगळे श्रेय देता येणार नाही. सरपंच बदलूनही नियम टिकला असेल, तर नेतृत्वाचा अंदाज दुबळा होतो.

आवडत्या अंदाजासाठी एक काम वेगळे करा. त्याच्या विरोधात जाणारी प्रत्येक नोंद एका स्वतंत्र पानावर उतरवा आणि त्या पानाला उत्तर द्या. जिथे उत्तर नाही तिथे अंदाज बदला. केस स्टडीचा कस या पानावर लागतो. ते कोरे राहिले असेल तर गाव निर्दोष निघाले असे समजू नका, पुन्हा गावात जा.

पायरी १३ : शेजारी दुसरी केस ठेवून पाहा

वेळ असेल तर एक तुलना करा. पायरी २ मधले पिंपळे सौदागर पुणे आणि खडकीच्या फार जवळ होते, तिथल्या रोजगाराचा परिणाम चित्रावर होता. म्हणून मान यांनी एन. व्ही. कानिटकर यांच्यासह शहरापासून दूरचे जातेगाव बुद्रुक घेतले आणि तो अभ्यास १९२१ मध्ये आला. पहिल्या केसमधली शंका सोडवेल अशी दुसरी केस निवडायची असते.

पाण्याच्या विषयात पुरंदर तालुक्यातली पाणी पंचायत ही उत्तम जोड आहे. विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात नायगावपासून सुरू केलेल्या या प्रयोगात पाण्याचा हक्क जमिनीऐवजी माणशी धरला गेला : दर माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनांनाही हक्क, आणि ऊस नाही. जमीन असलेल्यांनी मिळून नियम करणे आणि जमीन नसलेल्यालाही हक्कदार करणे, या दोन पद्धती शेजारी ठेवल्या की टिकाऊपणा आणि न्याय हे दोन वेगळे प्रश्न असल्याचे दिसते.

एलिनॉर ऑस्ट्रम यांनी १९९० च्या पुस्तकात सामूहिक साधनांची व्यवस्था शेकडो वर्षे टिकवणारी स्वित्झर्लंड, जपान आणि स्पेनमधली उदाहरणे तर घेतलीच, पण मोडलेल्या व्यवस्थाही घेतल्या. म्हणूनच टिकण्याच्या अटी त्यांना ठामपणे मांडता आल्या. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. फसलेले गाव अभ्यासात घ्यायला संकोचू नका.

पायरी १४ : लिहा

अहवालाचा क्रम असा ठेवा : प्रश्न, निवडीचे कारण, सीमा, पुरावा कसा जमवला, गावाचा काळक्रम, प्रतिस्पर्धी स्पष्टीकरणे आणि त्यांचे काय झाले, निष्कर्ष, मर्यादा.

निष्कर्षाची भाषा जपून वापरा. ‘ग्रामीण महाराष्ट्रात असे घडते’ असे एका गावावरून लिहिता येत नाही. ‘ज्या गावात नियम मोडणारा लगेच दिसतो, आणि नियम पाळणाऱ्याला दुधासारखे दुसरे उत्पन्न आहे, तिथे टंचाईतही नियम टिकण्याचा संभव वाढतो’ असे लिहिता येते, पुरावा असेल तर. पहिले विधान संख्येचे आहे, दुसरे कारणाचे. केस स्टडी कारणाचे विधान घडवते आणि ते इतरांना तपासायला देते.

नावे बदला, पण तेवढ्यावर विसंबू नका. गावात एकच माजी महिला सरपंच असेल, तर नाव बदलूनही ती सगळ्यांना ओळखू येते. अशा व्यक्तीला तिच्याबद्दलचा मजकूर आधी वाचून दाखवा आणि तिची हरकत माना. कोणी विहीर चोरून खोल केली हे तुम्हाला कळले असेल, तर ते अहवालात ‘काही ठिकाणी’ एवढेच राहू द्या. तुम्ही परत जाल, त्या माणसाला तिथेच राहायचे आहे.

पायरी १५ : गावाला परत द्या

मराठीत चार-पाच पानांचा सारांश करा आणि ग्रामसभेत वाचा. भूमिहीन वस्तीत आणि बायकांच्या बैठकीत वेगळा वाचा, कारण ग्रामसभेत सगळे बोलत नाहीत. चुकीचा आकडा, चुकीचे साल लोक तिथेच दुरुस्त करतील. निष्कर्षावर मतभेद झाला, तर आधी तुमचा पुरावा पुन्हा तपासा. तो पक्का असेल तर निष्कर्ष ठेवा आणि गावाचे म्हणणेही त्याच पानावर छापा.

अहवाल सोपवण्याआधी एवढे पाहा

- प्रश्न एका वाक्यात सांगता येतो का?
- हे गाव का निवडले, याचे उत्तर सोयीपलीकडचे आहे का?
- नियमाची झळ बसलेल्या माणसाचा आवाज आत आहे का?
- प्रत्येक मुख्य विधानामागे तीन स्वतंत्र वाटा आहेत का?
- आवडत्या अंदाजाविरुद्धचे पान भरले आहे का?
- तुमच्या नोंदी वाचून दुसरा अभ्यासक त्याच निष्कर्षापर्यंत चालत येऊ शकेल का?

यांतले एकही ‘नाही’ असेल तर त्या पायरीवर परत जा. लागणारा वेळ सार्थकी लागतो. यशोगाथा वाचून दुसरे गाव फार तर बंधाऱ्याची नक्कल करते. नीट केलेली केस स्टडी हाती आली, तर ते आपल्या ग्रामसभेत विचारू शकते की त्या गावात नियम टिकायला ज्या अटी होत्या त्यांतल्या आपल्याकडे कोणत्या आहेत, कोणत्या नाहीत, आणि ज्या नाहीत त्या उभ्या करायला पहिली बैठक कोणासोबत घ्यायची.